ताप उतरला त्या दिवशीचा रिपोर्ट

या महिन्यात सदरासाठी पत्रांपेक्षा रिपोर्टांचे फोटोच जास्त आले. दरवर्षी गणपती ते दिवाळी असंच होतं. पाऊस उघडझाप करतो, छपरावरच्या टाकीत आणि अंगणातल्या बॅरलमध्ये पाणी साठतं आणि घरोघर कुणीतरी तापानं पडलेलं असतं. म्हणून या खेपेला फक्त तापाच्या रिपोर्टांचे प्रश्न घेतले आहेत.

नव्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शिक्षण मिरजेत झालं आणि गेली सत्तावीस वर्षं तासगावात लॅब चालवते. औषध काय द्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण रिपोर्टातला आकडा कुठून येतो, त्याच्यावर कधी भरवसा ठेवावा आणि कधी तो फसवतो, हे मी सांगू शकते.

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू पॉझिटिव्ह, पेशी १,५६,०००. पाचव्या दिवशी सकाळी ताप पूर्ण गेला. आम्ही म्हटलं, सुटलो. पण त्याच दिवशी पेशी ६१,००० निघाल्या आणि डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. दर सहा तासांनी रक्त काढायचे. दुसऱ्या दिवशी ३४,००० झाल्या तरी पेशी चढवल्या नाहीत, नुसतं सलाईन. माझ्या दिरांनी सांगलीच्या रक्तपेढीत ओळख काढून पिशव्यांची सोय केली होती, तर डॉक्टर नको म्हणाले. त्यावरून बरंच वाजलं. आता मिस्टर ठणठणीत आहेत, पण घरात तो विषय अजून निघतो. डॉक्टरांचं चुकलं का? आणि ताप गेल्यावर एवढं रक्त कशासाठी काढायचं? (एक भगिनी, विटा)

नाही ताई, काही चुकलं नाही. तुम्ही पाठवलेले सातही रिपोर्ट मी तारीख-वेळ लावून ओळीनं मांडले आणि ते वाचताना त्या डॉक्टरांबद्दल मनात आदरच वाटला.

आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की सगळे ‘पेशी किती?’ एवढंच विचारतात. काही जण तर ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात आणि सांगतात प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचा आकडा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, त्याच कागदावर डेंग्यूसाठी कामाच्या तीन ओळी असतात आणि त्या एकामागून एक हलतात.

पहिली हलते ती पांढऱ्या पेशींची. एरवी मोठ्या माणसात त्या ४,००० ते ११,००० असतात. मिस्टरांच्या तिसऱ्या दिवशीच ३,१०० होत्या. विषाणू अस्थिमज्जेचं काम काही दिवस मंदावतो, त्याचा हा परिणाम. त्यानंतर प्लेटलेट उतरतात. एरवी दीड ते साडेचार लाख, तुमच्याकडे आधी ६१,००० आणि मग ३४,०००. तिसरी ओळ पीसीव्हीची, म्हणजे हिमॅटोक्रिटची. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग आहेत, ते ही ओळ सांगते. घरात या ओळीकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि डॉक्टर दर सहा तासांनी रक्त काढत होते ते मुख्यतः हिच्यासाठी.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेटच्या आकड्यामुळे दगावत नाही. केशवाहिन्यांच्या भिंती काही काळ सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरायला लागतं. तुमच्या भागात ठिबक सगळ्यांच्या परिचयाचं आहे. नळी कुठं फुटलेली दिसत नाही, पण थेंब थेंब जमिनीत मुरत राहतो. तसं हे पाणी पोटात आणि छातीत मुरतं. वाहिनीत उरतं ते दाट रक्त, काहिलीत रस आटावा तसं. रक्त दाट झालं की पीसीव्ही वर चढतो. नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. वेळेवर आणि बेतानं पाणी भरलं नाही तर माणूस शॉकमध्ये जातो.

आणि हा पाझर सुरू होतो तो बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतो. म्हणजे घरातले ‘सुटलो’ म्हणतात नेमकी तीच घडी जोखमीची. मला एखादी गोष्ट गावोगावच्या भिंतींवर रंगवायला मिळाली, तर मी हीच रंगवेन.

आता तुमचेच आकडे बघा. तिसऱ्या दिवशी पीसीव्ही ४१.२. पाचव्या दिवशी सकाळी ४५.८. त्या रात्री ४८.९. एकटा ४८.९ बघितला तर लॅबचा संगणक त्याच्यापुढे काही खूण करत नाही, कारण पुरुषांत पन्नासपर्यंत चालतो. पण मिस्टरांच्या स्वतःच्या ४१.२ च्या तुलनेत ती जवळजवळ १९ टक्के वाढ आहे. २० टक्के वाढ म्हणजे पाझर मोठा, असं जगभर धरतात. त्याच रात्री सलाईनचा वेग वाढवल्याची नोंद तुमच्या केसपेपरवर आहे. दुसऱ्या संध्याकाळी पीसीव्ही ४३ वर आला, तसं सलाईन कमी केलं आणि मग बंद केलं. ते बंद करणंही तितकंच महत्त्वाचं होतं. पाझरलेलं पाणी नंतर आपणहून वाहिन्यांत परत येतं. त्या वेळी वरून सलाईन चालूच राहिलं तर छातीत पाणी साठून श्वास लागतो.

राहिला पिशव्यांचा प्रश्न. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी हा प्रश्न नीट तपासला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली गेलेले, पण मोठा रक्तस्राव नसलेले ३७२ प्रौढ रुग्ण. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. रक्तस्राव पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के, म्हणजे ठाम म्हणावा असा फरक नाही. अंगावर गांधी उठण्यापासून फुप्फुसाला इजा होण्यापर्यंतचे त्रास मात्र प्लेटलेट घेतलेल्या १३ जणांना झाले आणि न घेतलेल्या दोघांना. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट या आजारात फार टिकतही नाहीत. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली गेल्यावरच प्लेटलेटचा विचार करायला सांगतात. मिस्टरांच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं नव्हतं, शौच काळी नव्हती. ३४,००० वर थांबणं बरोबरच होतं.

दिरांना माझा एक निरोप द्या. त्यांनी धावपळ केली ती भावाच्या मायेपोटी, त्यात वावगं काही नाही. पण प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते. त्या दिवशी तिच्यावाचून अडलेलं कर्करोगाचं एखादं मूल त्याच शहरात कुठल्या तरी खाटेवर असतं. डॉक्टर नको म्हणाले म्हणून ती पिशवी तिकडे जाऊ शकली.

प्रश्न : मी पुण्यात वसतिगृहात राहतो. सहाव्या दिवशी दाखवायला गेलो. डेंग्यूची एनएस१ टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर सीबीसी बघून म्हणाले की डेंग्यूच दिसतोय, उद्या परत रक्त द्या. साध्या सीबीसीवरून विषाणू कसा ओळखता येईल? हा अंदाज झाला ना? (एक विद्यार्थी, पुणे)

अंदाजच आहे, पण अनुभवी माणसाचा आणि पुरावा हातात धरून केलेला.

सहा दिवस दुखणं अंगावर काढलंत, त्यामुळे एनएस१ ची वेळ निघून गेली होती. हे विषाणूचं प्रथिन. पहिल्या चार-पाच दिवसांत ते रक्तात सापडतं, नंतर कमी होत जातं. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर त्याहून लवकर दिसेनासं होतं. पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडं वर येऊ लागतात, तेव्हा ती तपासायची. तीही कार्डावरच्या झटपट टेस्टपेक्षा एलायझा या लॅबमधल्या पद्धतीनं तपासलेली बरी. सरकारी नोंदीत डेंग्यू पक्का धरतात तो एलायझावर, आणि त्यासाठीचे आयजीएम किट तुमच्याच शहरातल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार होतात.

आता सीबीसीकडे वळू. ती विषाणूचं नाव सांगत नाही. शरीर कसं झगडतंय ते सांगते, आणि प्रत्येक आजारात त्या झगड्याचा ढंग थोडा वेगळा असतो. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, पीसीव्ही चढता, यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त वाढलेलं : इतकं एकत्र दिसलं की मनात आधी डेंग्यू येतो. चिकुनगुन्यात सांधे धरतात, लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, पण प्लेटलेट सहसा इतक्या खाली जात नाहीत. टायफॉइड जिवाणूचा असूनही पांढऱ्या पेशी वाढतीलच असं नाही, आणि त्यांतल्या इओसिनोफिल कित्येकदा शून्यावर येतात. त्याचा पक्का निकाल ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहणारी तपासणी देते. टायफॉइडच्या विडाल टेस्टवर विसंबू नका. मलेरियात प्लेटलेट कोसळतात, आणि तो चुकला तर जिवावर बेततं. म्हणून पावसाळ्यात कमी प्लेटलेटचा नमुना आला की माझ्याकडे काचपट्टीवर मलेरियाचा परजीवी शोधल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही.

एक नमुना मी विसरू शकत नाही. कोकणातून भातलावणी करून आलेला मजूर. ताप, प्लेटलेट ४८,०००. सोबतची मंडळी डेंग्यू म्हणूनच घेऊन आली होती. पण पांढऱ्या पेशी १७,००० आणि त्यांत न्यूट्रोफिल ८८ टक्के. डेंग्यूत असं बसत नाही. नळी जरा वेळ ठेवली तर वरचा द्रव पिवळाजर्द. मी लगेच फोन करून काविळीसाठी बिलिरुबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन करू का विचारलं. दोन्ही वाढलेली निघाली. लेप्टोस्पायरोसिस होता. तो जिवाणूचा आजार, आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. ते तासाभरात सुरू झालं आणि तो माणूस पायी घरी गेला. यात महागडी तपासणी कुठली होती? गावातल्या लॅबमध्येही होते अशी सीबीसी.

मला यातला काचपट्टीचा भाग जिवापाड आवडतो. मिरजेत शिकताना आम्ही प्लेटलेट न्यूबॉअर चेंबरमध्ये डोळ्यांनी मोजायचो, अमोनियम ऑक्झॅलेट घालून, एकेक चौकोन. आता यंत्र मिनिटाभरात मोजतं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेच्या वाटेत अडथळा येतो, आणि अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. वॉलेस कूल्टर या अमेरिकन अभियंत्याच्या या कल्पनेला १९५३ साली पेटंट मिळालं. फार मोलाची युक्ती. पण यंत्र आकार बघतं, चेहरा बघत नाही. विषाणूशी लढणारी लिम्फोसाइट लिशमन रंगात रंगवून पाहिली तर ऐसपैस पसरलेली दिसते, अंगावर गडद निळी झाक, आणि तिची कड शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेली. अशा पेशी बऱ्याच दिसल्या की मी रिपोर्टाखाली दोन ओळी लिहिते. तुमच्या रिपोर्टाखालीही ‘रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट दिसतात’ असं लिहिलेलं आहे. कुणीतरी तुमची काचपट्टी खरोखर बघितली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय तसं उद्या रक्त द्या. पाणी, सरबत, पेज घेत राहा. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही गोळी मित्राकडून घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको. पोटात सतत दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा उठून बसवेना, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

प्रश्न : पपईच्या पानांचा रस आणि किवी यांनी पेशी वाढतात का? (अनेक वाचक)

सातव्या-आठव्या दिवसापासून प्लेटलेट आपल्या आपणच वाढतात, रस घेतला तरी आणि नाही घेतला तरी. पपईच्या पानांचा रस कडू असतो, त्यानं उलट्या झाल्या तर आहे ते पाणीही बाहेर पडतं. किवी आवडत असेल तर खा, पण परवडत नसेल तर जिवाला लावून घेऊ नका. नारळपाणी, ताक, ओआरएस यांवर पैसे आणि लक्ष खर्च करा.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वार्षिक तपासणीत माझ्या प्लेटलेट २४,००० आल्या. ताप नाही, काही नाही. दुसऱ्या लॅबमध्ये १,९८,०००. कुठली लॅब खोटी? (एक शिक्षिका, मंगळवेढा)

बहुधा कुठलीच खोटी नाही. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची नळी वापरतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या प्लेटलेट या ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. पंचवीस-तीस प्लेटलेटची एक गुठळी झाली की यंत्र तिला प्लेटलेट मानतच नाही, आणि आकडा कोसळतो. रक्त काढायला वेळ लागला किंवा नळी नीट हलवली नाही तरी असं होऊ शकतं. उपाय साधा आहे. काचपट्टी बघायची, गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन लगेच मोजायचं. ही मोजणी केली की आकड्याला १.१ नं गुणायचं, कारण त्या नळीतल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं.

माझ्याकडे अशीच एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर रडत आली होती. २२,००० चा रिपोर्ट हातात, आणि कुणीतरी रात्रीत मोठ्या शहरात हलवा म्हणून सांगितलेलं. सायट्रेटमध्ये मोजल्या तर दोन लाखांच्या वर. वडील माझ्या समोरच्या खुर्चीत नुसते बसून राहिले, बराच वेळ. त्यांनी रस्त्यात गाडीभाड्यासाठी कुणाकुणाला फोन केले होते, ते नंतर सांगितलं.

तेव्हा बाई, तुमच्या रिपोर्टावर ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेटच्या गुठळ्या होतात’ असं लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा. पुढे कधी खरंच ताप आला तर फार उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. सर्दी-तापात सीबीसी केली, लिम्फोसाइट ६१ टक्के आणि पुढे ‘वाढलेले’ अशी खूण. मोबाइलवर वाचून झोप उडाली आहे. (एक आई, नाशिक)

झोपा. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्तच असतात. लॅबनं मोठ्या माणसांची मर्यादा छापली, म्हणून ती खूण उमटली. हिमोग्लोबिन ११.४ आणि प्लेटलेट ३,१०,००० चांगल्या आहेत, बाळ खेळतंय असंही तुम्ही लिहिलंय. तुमचे बालरोगतज्ज्ञ रिपोर्ट पाहून काही बोलले नाहीत, त्याचं कारण हेच असणार. तरी एकदा त्यांना विचारून मन मोकळं करा.

प्रश्न : २०२१ साली आमच्या घरात सहा जणांना कोविड झाला. दर दोन दिवसांनी सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच. मी ती फाइल अजून ठेवली आहे. वडील गेले. त्या सगळ्या तपासण्यांचा खरंच काही उपयोग होता का, की आम्ही नुसते पैसे भरत होतो? (एक वाचक, बेळगाव)

दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला, कारण तो मलाही विचारलेला आहे. त्या वर्षी माझ्या लॅबमध्येही या तपासण्यांचं एकत्र पॅकेज होतं आणि रोज रांगा होत्या.

उपयोग होता, पण ठरावीक लोकांना आणि ठरावीक वेळी. कोविडच्या पहिल्या काही महिन्यांतच जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आजार बळावणाऱ्यांच्या साध्या सीबीसीतच लिम्फोसाइट कमी होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. एकाला दुसऱ्यानं भागायचं. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १२ असतील तर उत्तर ६.५. निरोगी माणसात ते साधारण एक ते तीन असतं. यासाठी वेगळा एक रुपयाही लागत नाही. सीआरपी यकृतात तयार होतं, दाह किती आहे ते सांगतं. ऑक्सिजन कमी होत असलेल्या माणसात सीआरपी चढत गेला तर पुढचं औषध ठरवायला त्याची मदत व्हायची. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत दाह रोखणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधासाठी रुग्ण निवडताना ऑक्सिजन ९२ च्या खाली आणि सीआरपी किमान ७५, असे दोन्ही निकष एकत्र धरले होते.

‘दोन्ही’ हा शब्द आपल्याकडे कित्येकदा हरवला. ऑक्सिजन ९८, माणूस घरात हिंडतोय, आणि सीआरपी ४० आला म्हणून स्टेरॉइड सुरू. त्याच रिकव्हरी चाचणीनं जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशानं कमी होतात, पण ऑक्सिजन लागत नाही अशांना काही फायदा होत नाही. वर स्टेरॉइडनं साखर चढते, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं किती मधुमेही माणसांचे डोळे नेले ते आपण पाहिलं. आणखी एक : स्टेरॉइड सुरू झालं की न्यूट्रोफिल आपोआप वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. मग त्या भागाकाराला अर्थ राहत नाही. तरी तो बघून ‘आजार वाढतोय’ म्हणत स्टेरॉइडचा डोस वाढवलेले कागद माझ्या नजरेखालून गेले आहेत.

डी-डायमरचा घोळ वेगळाच. रक्ताची गुठळी विरघळताना तो तयार होतो. पण तो वयानं वाढतो, गरोदरपणात वाढतो, कुठल्याही मोठ्या संसर्गात वाढतो. शिवाय कुठली लॅब मर्यादा ०.५ छापते, कुठली ५०० छापते, आणि दोन्हींचा अर्थ एकच असू शकतो. मोजण्याच्या पद्धती दोन, एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट. तुमच्या फाइलमध्ये आईंचा ०.८ आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या लॅबचा ७६० आहे. त्या रात्री तुम्ही घाबरून गाडी काढली असं लिहिलंय. ०.८ म्हणजे दुसऱ्या एककात ८००, तेव्हा तो आकडा आधीच्यापेक्षा बहुधा वाढलेलाच नव्हता. एकक वेगळं होतं, आणि ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

वडिलांचे कागद मी वेगळे पाहिले. सातव्या दिवसापासून लिम्फोसाइट घसरत गेल्या, सीआरपी चढत गेला, आणि त्यांना त्याच दिवशी खाट मिळून ऑक्सिजन लागला होता. त्या आकड्यांनी जे सांगितलं ते डॉक्टरांनी ऐकलं होतं. तुम्हीही काही कमी केलं नाही. बाकी पाच जणांच्या, सौम्य आजार असताना दर दोन दिवसांनी झालेल्या तपासण्यांतल्या बहुतेक नसत्या केल्या तरी चाललं असतं. तेव्हा माझ्या दाराशी आलेल्या किती जणांना मी हे स्पष्ट सांगितलं? सगळ्यांना नाही. पुरेशी माहिती हाती आल्यानंतरही नाही. आज त्या पॅकेजचा फलक माझ्या लॅबमध्ये नाही. कुणी तापासाठी ‘सगळं करून टाका’ म्हणत आलं तर मी आधी कितवा दिवस आहे ते विचारते.

प्रश्न : माझं वय ६८. कपाटात सगळ्यांचे जुने रिपोर्ट आहेत, सुनेच्या बाळंतपणाचेसुद्धा. मुलगा म्हणतो रद्दी आहे, टाक. किती वर्षं ठेवावेत? (एक आजी, कवठेमहांकाळ)

टाकू नका, आजी. तुमच्या पत्रामुळे मला आमच्याकडची एक बाई आठवली.

द्राक्षबागेत छाटणीला जाणारी, वय तिशीच्या आत. तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाच्या आठवड्यात ताप घेऊन आली, पाचवा दिवस, ताप नुकताच उतरलेला. प्लेटलेट ७२,०००. पीसीव्ही ३३. आमच्या संगणकानं ३३ पुढे ‘कमी’ अशी खूण केली. तो रिपोर्ट कुणीही वाचला असता तर म्हणाला असता की रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या, दाट तर मुळीच नाही. तिची सासू सोबत होती. तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत सात महिन्यांपूर्वीचा, सुनेच्या बाळंतपणानंतरचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन ८.४, पीसीव्ही २६.

२६ वरून ३३. म्हणजे जवळपास २७ टक्के वाढ. मधल्या काळात गोळ्या घेतल्या का, म्हणून विचारलं. सासू म्हणाली, दोन दिवस घेतल्या, मळमळलं, बंद केल्या. म्हणजे रक्त सुधारलेलं नव्हतं, दाट झालेलं होतं. मी तिच्या हाताला हात लावला तर बोटं गार. तिच्या डॉक्टरांना फोन केला, दोन्ही आकडे सांगितले, आणि पंधरा मिनिटांत तिला सलाईन लागलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. चौथ्या दिवशी ती घरी गेली. तेव्हापासून पीसीव्हीसमोरच्या त्या ‘कमी’वर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. या सगळ्या जणींचा पीसीव्ही मुळातच खालून सुरू होतो. डेंग्यूत तो चढून ‘नॉर्मल’च्या उंबऱ्यापर्यंत आला तर कागदावर सगळं बरं दिसतं. ती तब्येतीत असताना आकडा किती होता, हे ठाऊक असलं तरच धोका कळतो.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा, विशेषतः सुनेचा आणि नातींचा, बरं असतानाचा निदान एक सीबीसी रिपोर्ट जपून ठेवा. छापील कागदाची शाई काही वर्षांत उडू शकते. म्हणून मुलाला त्यांचे मोबाइलवर फोटो काढायला सांगा आणि फोटोत नाव, तारीख आणि लॅबचं नाव आलंय ना, ते तुम्ही स्वतः चष्मा लावून तपासा.